गॅसगळतीचा अलार्म: कोणता घ्यायचा, कुठे लावायचा, किती पडतो

घरगुती गॅस डिटेक्टर बाजारात साधारण सातशे रुपयांपासून मिळतो. हजार-दीड हजारात बऱ्यापैकी येतो. गळती कळताच गॅस बंद करणाऱ्या व्हॉल्व्हसकटचा संच तीन ते आठ हजारांत जातो. हे झाले खोक्यावरचे आकडे. इलेक्ट्रिशियन, वीज आणि पाच वर्षांनी पुन्हा करावी लागणारी खरेदी त्यांत धरलेली नसते, आणि दुकानदार ती आपणहून सांगत नाही. म्हणून पाकीट काढण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या: घरात गॅस कोणता आहे, ओट्याखाली प्लग आहे का, आणि बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का. निम्मी खरेदी तिथेच ठरते.

गॅस कोणता, ते आधी

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की फरशीवर पसरतो, ट्रॉलीत आणि मोरीच्या जाळीत साचतो. पाइपने येणारा पीएनजी मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा बराच हलका, त्यामुळे वर चढतो आणि छताखाली साठतो. गीझर किंवा कोळशाची शेगडी अर्धवट जळाली की निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा तिसराच प्रकार. त्याला वास नाही, वजन जवळपास हवेइतकंच, आणि एलपीजीचा डिटेक्टर त्याच्यासाठी वाजेल या भरवशावर राहू नका.

खोक्यावर या तिघांपैकी कोणाचं नाव छापलंय ते वाचा. 'सर्व गॅससाठी' असं लिहिलं असेल तर खोकं परत ठेवा. एलपीजीचं हवेतलं प्रमाण सुमारे १.८ टक्के झालं की ठिणगी पुरते, मिथेनला ५ टक्के लागतात. चांगला अलार्म या पातळीच्या दहा-वीस टक्क्यांवरच वाजतो. म्हणजे एलपीजीसाठी साधारण १,८०० ते ३,६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), मिथेनसाठी ५,००० ते १०,०००. दोघांसाठी एकच सेटिंग ठेवलं की ते एकासाठी उगाच वाजतं किंवा दुसऱ्यासाठी उशिरा. शिवाय एकच डबी फरशीजवळ आणि छताजवळ एकाच वेळी कशी लावणार?

सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला असेल तर जुना डिटेक्टर उचलून वर लावला म्हणजे काम झालं, असं नाही. तो मिथेनसाठी जुळवलेला आहे का ते माहितीपत्रकात बघा. नसेल तर नवा घ्या. पाइप बसवणारे हे सांगत नाहीत, कारण ते त्यांचं कामच नाही.

पैसे नेमके कशाचे

प्लास्टिकची डबी कोणीही बनवतं. तुम्ही पैसे देता ते जाळीच्या टोपीखालच्या सेन्सरचे. बहुतेक घरगुती डिटेक्टरांत टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो: काही मिलिमीटरची सिरॅमिकची नळी, तिच्यावर टिन ऑक्साइडचा थर, आत हीटरची तार. हा थर काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला ठेवावा लागतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे थराचा विद्युतरोध जास्त राहतो. जळणारा वायू आला की तो हा ऑक्सिजन खाऊन टाकतो, रोध उतरतो आणि बझर वाजतो. बस, एवढंच. विज्ञान इथे थांबवतो, पण हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कटकटी यातूनच निघतात: डबी सतत वीज का खाते, लावल्या लावल्या काम का करत नाही, शेजारी सॅनिटायझर शिंपडला तरी का ओरडते.

दुकानात विचारायचा पहिला प्रश्न: सेन्सर कोणता? स्वस्त डब्यांत बहुधा एमक्यू मालिकेतला असतो. एमक्यू-६ एलपीजीसाठी, एमक्यू-४ मिथेनसाठी, एमक्यू-५ दोन्हींकडे झुकणारा, एमक्यू-२ धूर आणि वायू सगळ्यालाच थोडं थोडं दाद देणारा, एमक्यू-७ कार्बन मोनॉक्साइडसाठी. हे सेन्सर सुटे शंभर-दोनशे रुपयांना मिळतात, मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात हेच वापरतात. म्हणून ते वाईट ठरत नाहीत. पण आत एमक्यू-२ असेल आणि डबी अडीच हजारांना असेल, तर तुम्ही रंगाचे आणि ॲपचे पैसे देताय. अल्कोहोलची वाफ अडवणारा कोळशाचा फिल्टर असलेले सेन्सर महाग असतात आणि स्वयंपाकघरात त्यांचा खरोखर उपयोग होतो. चार-पाचशे रुपये जास्त द्यायचेच असतील तर त्या फिल्टरसाठी द्या.

दुसरा प्रश्न: कोणत्या मानकानुसार तपासलाय? घरगुती ज्वलनशील वायूच्या अलार्मसाठी ईएन ५०१९४, कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१. नुसतं 'सीई' छापलेलं पुरत नाही, मानकाचा क्रमांक हवा. तिसरा प्रश्न: उत्पादनाचा महिना आणि वर्ष. घरगुती डिटेक्टरचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरतात. कित्येक कंपन्या ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. सेलमध्ये अर्ध्या किमतीला मिळणारा माल अनेकदा गोदामात दोन वर्षं पडून असतो. मग तो अर्ध्या किमतीला नाही, जवळपास पूर्ण किमतीलाच पडला.

'ग्राफीन', 'नॅनो', 'हायब्रिड'

या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. यात संशोधन खोटं नाही. धातूच्या ऑक्साइडला पॉलिॲनिलीनसारख्या वीजवाहक पॉलिमरची किंवा ग्राफीनची जोड दिली की हीटर न लावता, खोलीच्या तापमानालाच वायू ओळखता येतो, आणि यावर जगभर काम चाललंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही पॉलिॲनिलीनची जोड दिलेले, खोलीच्या तापमानाला एलपीजी ओळखणारे सेन्सर पातळ थरांतून करून बघितले गेले आहेत. पण प्रयोगशाळेत कोरड्या हवेत, मोजून सोडलेल्या वायूसमोर दिलेला प्रतिसाद वेगळा. जुलै महिन्यात डोंबिवलीच्या ओट्याखाली, फोडणीच्या धुरात आणि ओल्या फडक्याशेजारी पाच वर्षं दिलेला प्रतिसाद वेगळा. दमटपणा आणि वर्षागणिक बदलणारा प्रतिसाद, या दोन ठिकाणी ही मिश्र द्रव्यं अजून अडखळतात. खोक्यावर 'ग्राफीन सेन्सर' दिसला तर मानकाचा क्रमांक विचारा. तो नसला तर पुढे चला.

पातळ थराचा किंवा एमईएमएसचा दावा मात्र खरा असू शकतो. सिलिकॉनच्या चिपवर सूक्ष्म हीटर आणि त्यावर ऑक्साइडचा पातळ थर, अशी ही रचना. जुन्या पद्धतीचा हीटर सातशे-आठशे मिलिवॅट घेतो, तिथे अशा चिपला पंधरा-वीस मिलिवॅटही पुरू शकतात. म्हणून बॅटरीवर चालणारा एलपीजी डिटेक्टर दिसला तर आत अशी चिप आहे का ते विचारा. आत नेहमीचा एमक्यू आणि बाहेर दोन पेन्सिल सेल, असं असेल तर सेल दिवसभरात संपतील.

याच चिपा आता हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या यंत्रांत आणि एअर प्युरिफायरमध्येही येतात. त्यांच्या पडद्यावरचा 'टीव्हीओसी' किंवा 'ईसीओ२' आकडा गॅसगळतीचा अलार्म नव्हे. 'ईसीओ२' तर खरा कार्बन डायऑक्साइड मोजतही नाही, बाकी वाफांवरून अंदाज बांधतो. उदबत्ती लावली की तो आकडा भराभर चढतो, यावरूनच ओळखा. कार्बन डायऑक्साइड खरंच मोजायचा असेल तर एनडीआयआर सेन्सर लिहिलेलं यंत्र लागतं, आणि ते महाग असतं.

काउंटरवरचं नाटक

दुकानदार डिटेक्टर प्लगमध्ये लावतो, खिशातून लायटर काढतो, ज्योत न पेटवता त्याचा गॅस जाळीवर सोडतो. डबी कर्कश ओरडते. गिऱ्हाईक खूश, बिल फाटतं. यातून एवढंच कळतं की भरपूर गॅस थेट अंगावर आला तर सेन्सर जागा होतो. १,८०० पीपीएमला वाजतो की २०,०००ला, ते कळत नाही. आणि अलार्म हवा असतो तो त्या आधीच्या टप्प्यात. उलट असा दाट गॅस वारंवार मारल्याने सेन्सर बिघडतो, म्हणून काउंटरवर सकाळपासून दहा जणांना ओरडून दाखवलेला नमुना घरी नेऊ नका. सीलबंद खोकं मागा.

घरी आणल्यावर 'टेस्ट' बटण दाबाल. बऱ्याच डब्यांत ते बटण बझर, दिवा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. महिन्यातून एकदा दाबाच, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. माहितीपत्रकात लायटरची चाचणी मान्य असेल तरच करा, तीही शेगडी बंद असताना, ज्योतीशिवाय, थोड्या अंतरावरून, क्षणभर.

पहिल्यांदा लावल्यावर काही मिनिटं दिवा लुकलुकतो, ते हीटर तापणं. नीट स्थिरावायला मात्र एक-दोन दिवस लागू शकतात. त्या काळात उगाच वाजला तर परत करायला धावू नका. आणि परताव्याची मुदत सात दिवसांची असेल तर खोकं आल्याच दिवशी लावा.

कुठे लावायचा, आणि लपलेला पहिला खर्च

सिलिंडरवाल्यांनी जमिनीपासून वीतभर, जास्तीत जास्त फूटभर उंचीवर. पाइपच्या गॅसवाल्यांनी छताच्या खाली फूटभराच्या आत. शेगडीपासून एक ते चार मीटर अंतर ठेवा. शेगडीच्या डोक्यावर, खिडकीच्या झोतात, चिमणीशेजारी आणि बंद कपाटाच्या आत नको.

आता तुमच्या स्वयंपाकघरात बघा. प्लग कुठे आहेत? ओट्याच्या वर, मिक्सरच्या उंचीला. थेट सॉकेटमध्ये खोचायचा डिटेक्टर घेतला तर तो तिथेच बसणार, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर. म्हणजे एलपीजी पावलाशी साचत असताना डबी वर निवांत. विकले जाणारे कित्येक डिटेक्टर या खोचायच्या प्रकारातले आहेत आणि कित्येक घरांत ते चुकीच्या उंचीवर आहेत. सिलिंडरच्या घरात असा घेऊच नका. वायर आणि ॲडॉप्टरवाला घ्या, म्हणजे प्लग वर आणि डबी खाली राहील. वायर पुरत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून खाली पॉइंट काढून घ्या. केसिंग-पट्टी टाकून पॉइंटला साधारण तीनशे ते आठशे रुपये लागतात, भिंत फोडायची असेल तर जास्त. पॉइंट फरशीला टेकवू नका, धुण्या-पुसण्याचं पाणी लागतं. इन्व्हर्टर असेल तर हा पॉइंट त्याच्याच लाइनवर घ्या, कारण वीज गेली की हीटर गार आणि डिटेक्टर बंद. परत आल्यावरही तो तापेपर्यंत काही मिनिटं तुम्ही बिनअलार्मचे असता.

किचनचं काम काढलं असेल तर डिटेक्टर सर्वांत शेवटी लावा. ओट्याच्या सांध्यात भरतात त्या सिलिकॉन सीलंटची वाफ टिन ऑक्साइडवर बसली की सेन्सर कायमचा मंदावतो. दिवा हिरवा, टेस्ट बटण ठणठणीत, आणि सेन्सर मात्र मेलेला. केसांचं सीरम, फर्निचरचं पॉलिश, काही स्प्रे यांतही सिलिकॉन असतं, ते त्याच्याजवळ मारू नका.

विनाकारण वाजतो अशी तक्रार असते, तिच्यातली बरीचशी कारणं घरातलीच निघतात. सॅनिटायझर, पुसायला वापरलेलं स्पिरिट, व्हिनेगर किंवा दारू घातलेली फोडणी, रंगकाम. डिओ आणि डास मारायचा स्प्रे यांच्या डब्यांत ढकलवायू म्हणून बऱ्याचदा ब्युटेन-प्रोपेनच असतो, म्हणजे तिथे डिटेक्टर बरोबर आहे. चिडून प्लग काढून ठेवलात तर मात्र घेऊन उपयोग काय.

लपलेला दुसरा खर्च: वीज

हीटर, सर्किट आणि ॲडॉप्टर धरून डबी साधारण दोन वॅट घेते, चोवीस तास. वर्षाला साडेसतरा युनिट. युनिट नऊ रुपये धरला तर वर्षाला दीडशेच्या वर, पाच वर्षांत आठशेच्या घरात. म्हणजे बाराशेची डबी, पाचशेचा पॉइंट, आठशेची वीज: पाच वर्षांचे अडीच हजार, वर्षाला पाचशे. महाग नाही. पण सातशेत सुरक्षा विकत घेतली, असंही समजू नका. पाच वर्षं झाली की डबी वाजत असली तरी बदला, आणि तारीख तिच्यावर मार्करने आजच लिहून ठेवा.

गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह

बहुतेक घरांना याची गरज नाही, असं माझं मत. विकणारे आग्रह करतात, कारण नफा इथे आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये काहीही बसवू देऊ नका. नळी कापून मध्ये व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे दोन नवे जोड, आणि प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा. वितरकाचा लेखी होकार असल्याशिवाय तेही नको. पाइपच्या गॅसवाल्यांनी तर पाइपला हातच लावू नये. मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुणे-नाशिककडे एमएनजीएल, किंवा तुमच्या शहरात जी कंपनी असेल तिला विचारा आणि काम तिच्याच माणसाकडून करून घ्या.

घेणारच असाल तर एवढं विचारा: वीज गेली की व्हॉल्व्ह बंद होतो की उघडा राहतो? बंद होणारा सुरक्षित, पण दर भारनियमनाला भात अर्धा शिजलेला राहणार आणि व्हॉल्व्ह हाताने पुन्हा उघडावा लागणार. बसवण्याचा खर्च किमतीत आहे का? वार्षिक देखभालीचा करार सक्तीचा आहे का? वॉरंटी सेन्सरवर आहे की फक्त सर्किटवर? या शेवटच्या प्रश्नावर विक्रेता गडबडतो. उत्तर बिलावर लिहून घ्या.

गॅस गीझर असेल तर पैसे आधी इकडे

हा भाग वगळू नका. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर सुरू ठेवला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड साठतो. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात दरवर्षी वाचायला मिळतात. एलपीजीचा डिटेक्टर इथे उपयोगाचा नाही, कारण बहुतेकदा इथे गळती झालेलीच नसते.

पहिला खर्च गीझर बाहेर काढण्याचा: बाल्कनीत, डक्टकडे, मोकळ्या हवेत. प्लंबरचा खर्च पाइपाच्या लांबीवर ठरतो, दोन ठिकाणी विचारा. कोणत्याही अलार्मपेक्षा हे पैसे जास्त कामाचे. ते जमत नाही तोवर बाथरूमची खिडकी कायम उघडी ठेवा आणि बादली आधी भरून, गीझर बंद करून मगच आत जा.

त्यानंतर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यात बहुधा टिन ऑक्साइड नसतो, इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो, तो बॅटरीवर चालतो आणि सात ते दहा वर्षं टिकणारे मिळतात. चांगला घ्यायचा तर अडीच ते पाच हजार धरा. हजाराच्या आतले बिननावाचे घेऊ नका. ईएन ५०२९१ मानकात किती वायूला किती वेळात वाजायचं ते ठरलेलं आहे: ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. अलार्म बाथरूमच्या वाफेत लावू नका, दाराबाहेर डोक्याच्या उंचीला लावा. आवाज आतल्या माणसाला नाही, बाहेरच्यांना ऐकू जायला हवा.

नळी, तपासणी, विमा: कमी पैशांतलं जास्त काम

डिटेक्टर गळती कळवतो, थांबवत नाही. थांबवायची तर आधी नळी बघा. नारिंगी, आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी, आयएसआय चिन्ह आणि आयएस ९५७३ क्रमांक. किंमत दोनशेच्या आसपास, आयुष्य पाच वर्षं, तारीख नळीवर छापलेली असते. ती वितरकाकडूनच घ्या आणि पावती मागा.

दर पाच वर्षांनी वितरकाकडून सक्तीची तपासणी असते. फी ठरलेली, जीएसटी धरून साधारण अडीचशेच्या आत, पावतीसह. 'गॅस एजन्सीतून आलोय' म्हणत दारात येऊन हजार-बाराशेची 'सेफ्टी किट' गळ्यात मारणारे वेगळे. ओळखपत्र मागा, वितरकाला फोन लावा, तोवर दार अर्धंच उघडा. तपासणीला आलेल्या खऱ्या माणसाकडूनही डिटेक्टर किंवा लायटर घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

तपासणीची आणि नळीची पावती ग्राहक पुस्तिकेत टाचून ठेवा. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, वेगळा हप्ता भरावा लागत नाही: मृत्यूसाठी प्रतिव्यक्ती ६ लाख, उपचारांसाठी प्रतिव्यक्ती कमाल २ लाख आणि एका दुर्घटनेला मिळून ३० लाख, नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला कमाल २ लाख. दुर्घटना झाली तर वितरकाला लगेच लेखी कळवा. पोलिसांचा अहवाल, दवाखान्याची बिलं, मृत्यू असेल तर दाखला आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. कनेक्शन एका पत्त्यावर आणि सिलिंडर दुसऱ्या घरात, अशी सोय केली असेल तर मालमत्तेच्या दाव्यात अडचण येणार. पत्ता बदलून घ्या.

वाजला तर

रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद. दारं-खिडक्या उघडा. दिवा लावू नका, लागलेला विझवू नका, एग्झॉस्ट पंखा सुरू करू नका. आणि कर्कश आवाजाला कंटाळून डिटेक्टरचा प्लगही ओढू नका, ठिणगी तिथेही पडते. फोन घराबाहेर जाऊन करा. एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आजच मोबाइलमध्ये साठवा.

खानावळ, मेस, केटरिंग

व्यावसायिक सिलिंडर एकत्र जोडलेले असतील तर घरगुती डबी पुरत नाही. औद्योगिक डिटेक्टर लागतो, आणि त्याचा खरा खर्च दरवर्षीचा आहे: ठरलेल्या मुदतीत प्रमाणित वायू सोडून कॅलिब्रेशन. पुरवठादाराचं कोटेशन घेताना दर सेन्सरमागे कॅलिब्रेशनची फी, येण्या-जाण्याचा खर्च आणि सेन्सर बदलण्याची किंमत वेगळी लिहून मागा. नुसतं 'वार्षिक देखभाल' लिहिलेल्या रकमेत कॅलिब्रेशन नसतं, असं पुष्कळदा निघतं. प्रमाणपत्रावर वापरलेल्या वायूचं प्रमाण आणि तारीख नसेल तर ते घेऊ नका.

बिल आणि तक्रार

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. आयात माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असायलाच हवा. छापील किमतीच्या वर जीएसटी मागितला तर देऊ नका, एमआरपीत सगळे कर आलेले असतात.

बिघडला आणि दुकानदार हात वर करत असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, खोक्याचे चारही बाजूंचे फोटो आणि डिटेक्टर कुठल्या उंचीवर लावलाय त्याचा एक फोटो जोडा. चुकीच्या उंचीवर लावला होता, ही कंपनीची पहिली पळवाट असते.